कामावर अपघात झाला तर कोर्टातून भरपाई कशी मिळवायची : कोल्हापूर जिल्ह्यातील कामगारांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, उद्यमनगरातले शेड, इचलकरंजीचे यंत्रमाग, साखर कारखाने, गुऱ्हाळे आणि बांधकामाच्या साइट्स या ठिकाणांहून येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. उत्तरे कायद्याला धरून आहेत. जिथे व्यवहारात वेगळे घडते तिथे तसे म्हटले आहे.

भरपाई मागायला मालकाची चूक दाखवावी लागते का?

नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ यात चूक कोणाची हा मूळ प्रश्नच नाही. अपघात काम करताना आणि कामामुळे झाला, त्यातून दुखापत, अपंगत्व किंवा मृत्यू ओढवला, आणि जखमी माणूस त्या मालकाकडे कामाला होता, एवढे सिद्ध करायचे. "तुझंच लक्ष नव्हतं" हे मालकाचे उत्तर कोर्टात चालत नाही. निष्काळजीपणा हा या कायद्यात बचाव नाही.

अपवाद तीनच आहेत: दारू किंवा नशेच्या अमलाखाली असणे, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश किंवा नियम जाणूनबुजून मोडणे, आणि गार्डसारखे सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढणे. मृत्यू झाला असेल किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर हे तीन अपवादही मालकाला वापरता येत नाहीत.

पॉवर प्रेसवर बोटे गेली. मालक म्हणतो, कामगारानेच सेफ्टी काढली होती. मग?

जिल्ह्यात सर्वात जास्त ऐकू येणारा बचाव हाच. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे असलेल्या प्रेसवर एक बटण पट्टी ठोकून किंवा चिंधी कोंबून कायमचे दाबून ठेवलेले असते. एक हात मोकळा होतो, तासाचे नग वाढतात आणि एखाद दिवशी मोकळा हात डायखाली सापडतो.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'जाणूनबुजून' काढले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. आणि पट्टी महिनोन् महिने तशीच होती, सुपरवायझर रोज पाहत होता, नगांचे टार्गेट त्या वेगावरच ठरले होते, हे साक्षीतून आले की बचावात दम राहत नाही. त्यामुळे प्रॉडक्शन शीट, इन्सेंटिव्हचा हिशेब, त्याच मशीनवर आधी झालेले अपघात, दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरची साक्ष हे सगळे कामाचे आहे. मशीनचा फोटो पहिल्या एक-दोन दिवसांत मिळाला तरच उपयोग. तिसऱ्या दिवशी गार्ड बसलेला असतो आणि त्याला ताजा रंगही लागलेला असतो.

आधी हे सांगा: इएसआय असेल तर कोर्टात जाता येते का?

इएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) संरक्षण असलेल्या कामगाराला मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. त्याचे हक्क इएसआय महामंडळाकडे असतात. म्हणून पहिल्याच दिवशी पगारपत्रक काढून पाहा: ०.७५ टक्के कपात दिसते का? विमा क्रमांक आहे का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे, आणि नोंदणी झालेल्या आस्थापनेतले, बहुतेक जण यात येतात.

इएसआयमध्ये तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. कायमचे अपंगत्व असेल तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर मासिक रक्कम मिळते. मृत्यू झाल्यास आश्रितांना मासिक लाभ मिळतो. कामावरील अपघातासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. पहिल्या दिवशीचा अपघातही चालतो. बोर्डाची टक्केवारी पटली नाही तर अपील करता येते आणि वाद कर्मचारी विमा न्यायालयात नेता येतो.

एकरकमी मोठी रक्कम मिळत नाही म्हणून काही जण इएसआय लपवून नुकसानभरपाईचा दावा लावतात. दोन वर्षांनी मालक विमा क्रमांक हजर करतो, दावा फेटाळला जातो आणि तोवर इकडचेही कागद शिळे झालेले असतात. असे करू नका.

उलटही घडते. अपघात सकाळी, इएसआय नोंदणी दुपारी. नोंदणीची तारीख आणि वेळ ऑनलाइन राहते, तिची प्रत ठेवा आणि अपघाताची खरी वेळ दवाखान्याच्या कागदावर आली आहे ना, हे पाहा.

अपघाताच्या दिवशी काय करायचे?

दवाखाना आधी. पण दवाखान्यात एक ओळ लिहिली जाते, तिच्यावर पुढचा सगळा दावा उभा राहतो. केसपेपरवर डॉक्टर 'हिस्ट्री' लिहितात: कुठे, कधी, कशाने लागले. जखमी माणूस शुद्धीत नसतो किंवा वेदनेत असतो, सोबत आलेला सुपरवायझर सांगतो "मोटरसायकलवरून पडला" किंवा "घरी जिन्यावरून घसरला", आणि तसेच लिहिले जाते. हेतू उघड आहे: पोलिसांना कळू नये, कारखाना निरीक्षक येऊ नये. नंतर "प्रेसमध्ये सापडला" हे सिद्ध करायला फार कष्ट पडतात, कारण समोरचा वकील उलटतपासणीत तोच केसपेपर पुढे करतो.

म्हणून घरच्यांपैकी किंवा सोबतच्या कामगारांपैकी एकाने ती ओळ डोळ्यांनी वाचावी. कारखान्याचे नाव, मशीन, वेळ लिहून घ्या. चुकीची हिस्ट्री गेली असेल तर जखमी बोलू लागताच त्याच डॉक्टरांना सांगून दुरुस्त नोंद घ्यायला लावा आणि तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या दुखापतीची दवाखान्यातली नोंद) झाली का विचारा, नंबर टिपून ठेवा. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) नेले असेल तर एमएलसी आणि पोलीस चौकीची नोंद सहसा आपोआप होते. खासगी दवाखान्यात मात्र मालकाची ओळख असली की ती राहून जाते.

त्यानंतर पुढच्या काही दिवसांत:

- मालकाला लेखी सूचना द्या. साध्या कागदावर चालते: नाव, पत्ता, तारीख, वेळ, अपघात कसा झाला, काय लागले. रजिस्टर्ड पोस्टाने किंवा स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. व्हॉट्सॲपवरही पाठवा.
- हजेरी कार्ड, गेटपास, पगार जमा झालेले बँक स्टेटमेंट, सुपरवायझरचे ड्यूटीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट मोबाइलबाहेर कुठेतरी साठवा.
- त्या पाळीला हजर असलेल्या दोन-तीन जणांची नावे आणि गावचे पत्ते घ्या. परप्रांतीय साथीदार सुगीला किंवा सणाला गावी गेले की पुन्हा त्याच कारखान्यात येतीलच असे नाही.

कारखान्यात ४८ तासांपेक्षा जास्त काळ कामावर येता येणार नाही अशी दुखापत झाली तर मालकाला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावे लागते. त्यांचे कार्यालय कोल्हापुरात आहे. मालकाने कळवले नसेल तर तुम्ही कळवा. निरीक्षकाचा अहवाल माहितीच्या अधिकारात किंवा कोर्टामार्फत मागवता येतो, आणि मशीनला गार्ड नव्हता हे त्यात आले तर तुमचे अर्धे काम झाले.

पोलीस केस झाली नाही. दावा चालेल का?

चालेल. एफआयआर ही दाव्याची अट नाही. पण मृत्यू झाला असेल तर अकस्मात मृत्यूची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती हव्यातच. शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकायला कोणी घाई करत असेल तर तिथेच थांबवा. तो कागद नंतर तयार करता येत नाही.

दावा कुठे लावायचा? कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला आहे, तेवढे पुरे का?

पुरे नाही, आणि या गोंधळात अनेकांची मुदत निघून जाते. सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय तक्रार घेईल, मालकाला पत्र पाठवेल, बैठक लावेल. भरपाई ठरवण्याचा अधिकार 'नुकसानभरपाई आयुक्त' या वेगळ्या प्राधिकाऱ्याचा आहे. १९२३ च्या कायद्याखाली कोल्हापुरात कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम पाहतात. दिवाणी न्यायालयात या भरपाईचा दावा चालत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. आधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याप्रमाणे चालतात. त्या तारखेनंतरच्या अपघातांना संहितेतले कर्मचारी भरपाईचे प्रकरण लागू होते. त्यात 'आयुक्त' ऐवजी 'सक्षम प्राधिकारी' असा शब्द आहे, पण भरपाईचा सांगाडा, ५० आणि ६० टक्क्यांचे सूत्र, १२ टक्के व्याज हे तसेच आहे. नव्या अपघाताचा अर्ज देताना शीर्षकात कोणत्या प्राधिकाऱ्याचे नाव घालायचे हे कोर्टाच्या फायलिंग विभागात विचारूनच टाइप करा.

ठिकाणाची निवड तुमच्या हातात आहे: अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो तिथे, किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे. शिरोलीच्या फाउंड्रीत वारलेल्या बिहारच्या कामगाराची पत्नी आपल्या जिल्ह्यात दावा लावू शकते. पुण्यात साइटवर पडलेला गडहिंग्लजचा गवंडी कोल्हापुरात लावू शकतो.

मुदत किती?

अपघातापासून, आणि मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून, दोन वर्षे. उशिराला पुरेसे कारण असेल तर माफी मिळते; दीर्घ उपचार, मालकाने दिलेली लेखी आश्वासने, चुकीच्या कार्यालयात चालवलेला अर्ज ही कारणे मानली जाऊ शकतात. "मालक देतो म्हणाला" हे तोंडी कारण मात्र कमकुवत. मालकाशी बोलणी चालू ठेवा, पण दीड वर्ष झाले की अर्ज दाखल करून मग बोला.

रक्कम कशी काढतात?

तीन आकडे लागतात: महिन्याचा पगार, वय, आणि अपंगत्वाची टक्केवारी.

पगाराला कमाल मर्यादा आहे. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये आहे; ३१ मे २०१० ते २ जानेवारी २०२० या काळातल्या अपघातांना ८,००० रुपये. मर्यादा अपघाताच्या तारखेची धरतात, निकालाच्या तारखेची नाही. तुमचा पगार १८,००० असला तरी हिशेब १५,००० वर होतो. ११,००० असला तर ११,००० वर.

वयाला 'गुणक' आहे. २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९, ६० ला ११७.४१. अपघाताआधीच्या शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेले वय घ्यायचे. आधार कार्डावर बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जानेवारी असते. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तोच लावा.

मृत्यू झाल्यास पगाराच्या ५० टक्के गुणिले गुणक (किमान १,२०,००० रुपये). कायमचे पूर्ण अपंगत्व असल्यास ६० टक्के गुणिले गुणक (किमान १,४०,००० रुपये). अंशतः कायमचे अपंगत्व असेल तर या दुसऱ्या रकमेचे तेवढे टक्के.

उदाहरण: ३० वर्षांचा प्रेस ऑपरेटर, पगार १८,०००, एका हाताची दोन बोटे मुळापासून गेली. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. गुणिले २०७.९८ केले की १८,७१,८२०. दोन बोटांचे २० टक्के धरले की ३,७४,३६४ रुपये. ४० वर्षांचा कामगार दगावला आणि पगार १५,००० किंवा अधिक असेल तर ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये.

कोणत्या दुखापतीला किती टक्के?

कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत यादी आहे. आपल्याकडे वारंवार लागणारे आकडे: अंगठा पूर्ण गेला ३० टक्के, अंगठ्याचे टोकाचे पेर २०, तर्जनी पूर्ण १४, मधले बोट पूर्ण १२, अनामिका किंवा करंगळी पूर्ण ७. एका हाताची तीन बोटे ३०, चारही बोटे ५०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. डोळ्याचा आकार शाबूत पण दृष्टी गेली तर ३०. इचलकरंजीत मागावरचा धोटा (शटल) उडून डोळ्याला लागतो, तेव्हा हा शेवटचा फरक महत्त्वाचा ठरतो. डॉक्टरांच्या दाखल्यात बुबुळ विद्रूप झाले आहे की नाही हे स्पष्ट लिहून घ्या.

यादीतल्या दुखापतीत तुमची प्रत्यक्ष कमाई किती घटली हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. ती टक्केवारी कायद्यानेच मानलेली आहे. यादीत नसलेल्या दुखापतीत, उदाहरणार्थ मणका दबणे, खुब्याचे फ्रॅक्चर, वितळलेला धातू सांडून भाजल्याने हात आखडणे, डॉक्टरांनी 'कमाईची क्षमता' किती टक्के गेली हे सांगावे लागते.

सीपीआरमधून ४५ टक्क्यांचे अपंगत्व प्रमाणपत्र मिळाले आहे. तेवढी भरपाई नक्की ना?

नक्की नाही. ते प्रमाणपत्र दिव्यांगांच्या सवलतींसाठी असते. त्यात शरीराच्या किंवा त्या अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी असते. कोर्टाला हवी असते कमाईच्या क्षमतेतली घट. ती कामावर अवलंबून असते. पायाला ४५ टक्के अपंगत्व आलेला लेखनिक पुन्हा टेबलावर बसू शकतो. तोच पाय भट्टीवर लॅडल (वितळलेल्या धातूचे भांडे) धरणाऱ्याचा असेल तर त्याचे ते काम संपले. डावा हात कोपराच्या वरून गेलेला सुतार पूर्ण अपंग मानावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच म्हटले आहे.

म्हणून डॉक्टरांना दाखल्यासाठी भेटताना कामाचे वर्णन लेखी न्या: किती किलो उचलायचे, किती तास उभे राहायचे, कोणत्या हाताने काय करायचे. दाखल्यात 'कमाईच्या क्षमतेतील घट' हे शब्द यावेत. आणि डॉक्टर साक्षीला येतील का हे आधीच विचारा. दाखला देऊन साक्षीला न येणारे डॉक्टर हे दावे रखडण्याचे सर्वात मोठे कारण आहे. समन्स काढता येते, पण बदली झालेल्या डॉक्टरांचा पत्ता शोधण्यात वर्ष जाते.

उपचार चालू आहेत, घर कसे चालवायचे? दवाखान्याचे बिल कोणाचे?

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के रक्कम देणे आहे, जास्तीत जास्त पाच वर्षे. १५,००० पगारावर ती ३,७५० होते, म्हणजे महिन्याला अर्धा पगार. पहिले तीन दिवस धरत नाहीत, पण अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकले तर पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यायचा आहे. त्यासाठी औषधांच्या मूळ पावत्या लागतात. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, झेरॉक्स लगेच काढा.

मी ठेकेदाराचा माणूस. कंपनी म्हणते आमचा संबंध नाही.

आहे. कंपनीच्या नेहमीच्या कामासाठी, कंपनीच्या आवारात ठेकेदाराने माणूस लावला असेल तर भरपाईला मूळ मालकही जबाबदार. कंपनी नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकते, ते त्यांचे ते बघतील. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा. मुकादम हाच ठेकेदार असेल आणि त्याचा पत्ता नीट माहीत नसेल तर कंपनीविरुद्धच जोर ठेवा.

रोजंदारी, हंगामी, नोंद नसलेले कामगारही यात येतात. आयटीआयच्या अप्रेंटिसलाही अपघाताची भरपाई याच पद्धतीने मिळते. चरक मोटरवर फिरतो अशा गुऱ्हाळात हात गेला तर गुऱ्हाळमालक जबाबदार असतो. "हे शेतीचं काम आहे" हे म्हणणे टिकायला अवघड.

मालक म्हणतो हा माझ्याकडे कामालाच नव्हता. कागद एकही नाही.

छोट्या शेडमध्ये हेच मुख्य युद्ध असते. हजेरी, पगारपत्रक नसले तरी इतर धागे असतात: फोनपे किंवा गुगल पेवर आलेला पगार, मालकाशी झालेल्या कॉलची यादी, ग्रुपवरचे फोटो, जवळच्या चहागाड्याची उधारी वही, दवाखान्यात ॲडव्हान्स कोणी भरला त्याची पावती. शेवटची ही फार बोलकी असते: कामाला नव्हता तर मालकाने बिल का भरले? पगाराचा पुरावा नसेल तर त्या उद्योगाचे किमान वेतन धरायला सांगा.

मालकाचे खरे नाव शोधा. शेडवरचा बोर्ड एका नावाचा, जीएसटी दुसऱ्याच्या, वीजबिल तिसऱ्याच्या आणि यंत्रमाग भाड्याने चौथ्याकडे, असे सर्रास असते. निकाल चुकीच्या नावाविरुद्ध लागला तर तो भिंतीवर लावायच्याही कामाचा नाही.

कामावर जाता-येताना रस्त्यावर अपघात झाला तर?

२९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात निकाल दिला. तो पहाटेच्या ड्यूटीला मोटरसायकलवरून निघाला होता आणि कारखान्याच्या अलीकडे सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. घर ते काम या प्रवासातला अपघातही, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातलाच धरायचा असे न्यायालयाने म्हटले. नव्या संहितेत हे थेट लिहिलेलेच आहे. वाटेत वळून पाहुण्यांकडे गेला असेल तर संबंध तुटतो.

वाहनाने दिलेल्या धडकेत मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येते, पण दोन्हीकडे नाही. एक निवडावे लागते. ट्रकचा ड्रायव्हर किंवा क्लीनर स्वतःच्याच गाडीच्या अपघातात सापडला आणि चूक दुसऱ्या कोणाची नसेल तर कर्मचारी भरपाईचा रस्ता सोपा. दुसऱ्या वाहनाची चूक स्पष्ट असेल तर न्यायाधिकरणात रक्कम बहुधा जास्त, कारण तिथे १५,००० ची मर्यादा नाही.

अपघात नाही, पण फाउंड्रीत वीस वर्षे काम करून छाती गेली.

व्यवसायजन्य आजारांची अनुसूची आहे आणि त्यात सिलिकोसिस आहे. साखर कारखान्यातल्या बगॅसच्या धुळीने होणारा बगॅसोसिस आणि सूतगिरणीतल्या कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हेही त्यात आहेत. अडचण निदानाची. फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे) किंवा सँड प्लांटवर (साच्याच्या वाळूच्या खात्यात) काम केलेल्या माणसाला टीबी म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जातात. एक्स-रे दाखवताना डॉक्टरांना कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले ते सांगा, आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.

मालकाने पाचशेच्या स्टँपवर 'सर्व हिशेब मिटला' असे लिहून घेतले आहे.

कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा करार निरर्थक असतो. तडजोड करायचीच असेल तर तिचे ज्ञापन आयुक्तांकडे नोंदवावे लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने वारसांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची असते. फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वजा होऊ शकते. तेराव्याला आणून दिलेले लाखभर रुपये घ्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न, पण कोऱ्या कागदावर सही नको.

बांधकाम कामगार मंडळाची मदत वेगळी आहे. नोंदणीकृत कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात. त्यामुळे मालकाची जबाबदारी कमी होत नाही. दोन्ही मागा.

मालकाने नोकरीवर ठेवले आहे, पगारही तोच देतो. तरी दावा करू का?

करता येतो. अनुसूचीतल्या दुखापतीची भरपाई पगार चालू आहे म्हणून बुडत नाही. बऱ्याच जणांना दोन वर्षे गोडीत सांभाळतात आणि मुदत संपली की कमी करतात. एवढे सांगितले की पुरे.

विमा कंपनीला सामील करायचे का?

मालकाकडे पॉलिसी असेल तर नक्की. बोलण्यात तिला 'डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी' म्हणतात. मेडिक्लेम किंवा ग्रुप अपघात विमा म्हणजे ही नव्हे. विमा कंपनीचे ठरलेले आक्षेप असे: दहा माणसे दाखवून पंचवीस कामाला होती, हेल्पर दाखवून मशीनवर बसवला, पगार कमी दाखवला. हे वाद मालक आणि कंपनी यांच्यातले असले तरी पैसे कोणाकडून यायचे ते यावरच ठरते. म्हणून मालकाला सोडून फक्त विमा कंपनीविरुद्ध दावा कधीच लावू नका. दंडाची रक्कम तर मालकालाच स्वतःच्या खिशातून द्यावी लागते, ती विमा कंपनीवर ढकलता येत नाही.

व्याज आणि दंड म्हणजे काय?

भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते. एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज. निकालाच्या तारखेपासून नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. वरच्या उदाहरणातल्या ३,७४,३६४ वर वर्षाला सुमारे ४४,९०० रुपये होतात. उशिराला योग्य कारण नसेल तर थकलेल्या रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही. दोन्ही अर्जाच्या विनंती परिच्छेदात मागा. दंडासाठी मालकाला कारणे दाखवा नोटीस निघावी अशी वेगळी विनंती करा, नाहीतर अपिलात तेवढ्याच कारणावरून दंड उडतो.

कोर्टात क्रम काय असतो आणि किती वेळ लागतो?

अर्ज, सामनेवाल्यांना नोटीस, त्यांचे लेखी म्हणणे, मुद्दे, अर्जदाराचे शपथपत्र आणि उलटतपासणी, साक्षीदार, डॉक्टर, मग समोरच्यांचा पुरावा, युक्तिवाद, निकाल. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वर्षांचा हिशेब धरा. नोटिसा "पत्ता अपूर्ण" म्हणून परत येणे आणि डॉक्टरांची साक्ष या दोन जागी सर्वात जास्त तारखा जातात.

उलटतपासणीत "हल्ली काही काम करता का?" असे विचारतात. करत असाल तर सांगा. वॉचमन म्हणून बसतो, आठ हजार मिळतात, असे खरे उत्तर दाव्याला मारत नाही. "काहीच करत नाही" म्हटल्यावर समोरून मोबाइलवर फोटो निघाला तर बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास जातो.

वकिलाचा खर्च झेपत नाही.

औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे; महिला आणि अनुसूचित जाती-जमातींनाही. कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. दिवाणी दाव्यासारखी रकमेच्या प्रमाणात मोठी कोर्ट फी इथे लागत नाही. "मिळतील त्यातले तीस टक्के माझे" असा ठराव कोणी मांडला तर तो बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे माहीत असू द्या.

मालक अपिलात गेला तर मुंबईला जावे लागेल का?

आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात येतात. अपिलाची मुदत ६० दिवस आणि महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा असेल तरच अपील दाखल होते. मालकाला आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, त्याशिवाय अपील घेतच नाहीत. त्यामुळे अपील झाले म्हणजे सगळे गेले असे समजू नका. भरलेल्या रकमेतला काही भाग काढून घेण्यासाठी अर्ज करता येतो.

निकाल लागला, पैसे येत नाहीत.

वसुलीसाठी अर्ज करा. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तिथून तहसीलदारांकडे. तिथे फाइल पडून राहू नये म्हणून मालकाचा सातबारा, मिळकतपत्रिका, बँक खाते, शेडचा एमआयडीसी प्लॉट क्रमांक अशी माहिती अर्जासोबतच जोडा. महसूल कर्मचारी ती शोधत बसत नाहीत.

पैसे कोर्टात जमा झाल्यावर बँक पासबुक, आधार, पॅन आणि अर्जातले नाव अक्षरशः एक असावे लागते. माहेरचे नाव, सासरचे नाव, वडिलांच्या नावातली वेलांटी यावरून चेक परत जातात. मृत्यूच्या प्रकरणात वाटणी आयुक्त ठरवतात: पत्नी, अज्ञान मुले, अविवाहित मुलगी, विधवा आई यांचा हिस्सा आधी येतो, आणि अज्ञानांची रक्कम सहसा ते सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवतात. शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी त्यातले व्याज हवे असेल तर फीची पावती किंवा दवाखान्याचे अंदाजपत्रक जोडून त्याच कोर्टात अर्ज द्यायचा.